पूर्वार्ध भाईजानचा

आमच्या सरांनी जन्मात एकाही सिनेमाचं नाव पडद्यावर पाहिलेलं नव्हतं. नाव सुरुवातीला येतं, आणि सुरुवातीला सर कधी आत नसत. ते मध्यंतरानंतर जात. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सिनेमांची नावं येत नसत, खुणा येत. आगबोटीचा सिनेमा. दोन डॉक्टरांचा सिनेमा. धरणावर लग्न मोडतं तो सिनेमा. "अहो सर, पण पोस्टरवर नाव असतं की," असं मी एकदा म्हणाले. तर म्हणाले, "बाई, पाटीवर 'ताजे' लिहिलेलं असतं म्हणून तुम्ही वडे घेता का?"

आणि हे गृहस्थ परदेशातून आलेल्या माणसांना हिंदी सिनेमा शिकवत.

स्वारगेटच्या मागच्या अंगाला एका इमारतीत आमची भाषा शिकवण्याची संस्था होती. खाली पडद्यांच्या कापडाचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, किंवा नवऱ्याची बदली झाली म्हणून नाइलाजाने पुण्यात येऊन पडलेली परदेशी मंडळी तिथे यायची. मी मराठीचं व्याकरण शिकवत असे, सर हिंदी शिकवत. आणि शनिवारी दुपारी सरांचा 'चित्रपट परिचय' नावाचा तास असे. माहितीपत्रकात तो अगदी शेवटी, बारीक अक्षरात छापला होता. प्रत्यक्षात लोक माझी प्रयोजक क्रियापदं त्या एका तासाच्या आशेवर सोसत होते, हे मला कळत होतं आणि सरांनाही कळत होतं. ते मला तसं कधी म्हणाले नाहीत. फक्त शनिवारी माझ्या वर्गातल्या खुर्च्या त्यांच्या वर्गात नेताना म्हणायचे, "तुमच्याकडे एवढ्या लागत नसतील."

सर मूळचे पेठेतले. घराणं किती पिढ्या पुण्यात आहे ते त्यांनाही सांगता येत नसे. वडिलांचं कल्हईचं दुकान होतं, आणि सर स्वतः टपाल खात्यातून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, खिशात कंगवा, आणि त्या कंगव्याला फारसं काम उरलं नाही असं डोकं. बोलणं असं, की आपला अपमान झाला हे ऐकणाऱ्याला जिना उतरल्यावर कळावं. एकदा संस्थेत चौकशीला आलेले एक सदाशिवपेठी आजोबा सरांचं नाव ऐकून कौतुकाने म्हणाले, "तुमचं मराठी फारच छान आहे हो!" सरांनी त्यांच्या हातात माहितीपत्रक दिलं आणि म्हणाले, "तुमचंही बरं आहे. थोडं लक्ष दिलंत तर आणखी सुधारेल." आजोबा आभार मानून गेले.

नवी तुकडी आली की पहिल्या शनिवारी सर एकच ताकीद देत. "ही माणसं मध्येच का गातात, हा प्रश्न इथे विचारायचा नाही." तरी कोणीतरी विचारायचंच. एका डच इंजिनियरने तर हात वर करून विचारलं. सर त्याला म्हणाले, "तुम्ही आत्ता बोललात. मी विचारलं का, का बोललात म्हणून?" दुसऱ्याला कळत नव्हतं, की डोंगरावर गाणं चाललंय तर एवढी व्हायोलिनं वाजवणारी माणसं बसलीत कुठे. सरांनी त्यालाच उलट विचारलं, "तुमच्याकडे ऑपेरात कुठे बसतात?" तो म्हणाला, स्टेजच्या पुढे खड्डा असतो, त्यात. "आमच्याकडेही तिथेच बसतात. आमचा खड्डा जरा खोल आहे, एवढंच." आणि एका गाण्यात नायिका इतक्या साड्या कशा बदलते, असं विचारणाऱ्या बाईंना त्यांनी आधी खाली बसायला सांगितलं आणि मग समजावलं, "एवढा आनंद झाल्यावर बाई एका साडीत मावेल का? तुम्हीच सांगा."

शिकवण्याची रीत मात्र त्यांची स्वतःची होती. आधी चित्र नाही. आधी सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि छोट्या स्पीकरवर नुसतं गाणं ऐकायचं. मग सर विचारत, रात्र आहे का दिवस? जवळ पाणी आहे का? गाणारा कोणाला सांगतोय, समोरच्याला की नसलेल्याला? शब्द तर कोणाला कळत नसत. पण हळूहळू उत्तरं येऊ लागत. एकदा नैरोबीहून नर्सिंग शिकायला आलेली एक मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, "हा माणूस माफी मागतोय, पण चूक त्याची नाहीये." सरांनी खिडकीतून खाली वाकून एक स्पेशल चहा सांगितला, आणि तो तिच्यापुढे ठेवला.

थिएटरात मारायच्या शिट्टीचाही सराव असे. खालच्या पडदेवाल्याने तक्रार केली, की वरून शिट्ट्या येतात आणि गिऱ्हाईक बायका दुकानाकडे संशयाने बघतात. तेव्हापासून शिट्टी गच्चीत.

पण खरी गंमत पुढेच होती. सरांच्या मते सिनेमाचा पूर्वार्ध सांगायचा असतो आणि उत्तरार्ध बघायचा असतो. वर्गात ते उभे राहून मध्यंतरापर्यंतची गोष्ट सांगत. सांगत म्हणजे काय, नायक गरम भाकरी खातो असं आलं तर सर बोटं झटकत. खलनायक जिना चढायचा तेव्हा खोलीत कोणी खुर्चीसुद्धा हलवत नसे. मी मागे हजेरी घेण्याच्या निमित्ताने बसायचे आणि दोन वेळा रुमाल काढावा लागला, हे कबूल करते. मग खिडकीचा पडदा ओढायचा, आणि मध्यंतराच्या पाटीपासून पुढचा सिनेमा भिंतीवर दाखवायचा. नवख्या मंडळींना वाटे, या देशाची पद्धतच अशी असेल. एका स्वीडिश गृहस्थांनी घरी कळवलं होतं, की भारतात सिनेमा अर्धा सांगतात आणि अर्धा दाखवतात, आणि पद्धत फार सोयीची आहे.

नवीन सिनेमा लागला की सर अख्ख्या वर्गाला मॉलमध्ये न्यायचे. तिकिटं पूर्ण खेळाची. पूर्वार्ध बघायला मला एकटीला आत पाठवायचे आणि स्वतः मंडळींना घेऊन बाहेर कोचांवर बसायचे. तिथला दरवाज्यावरचा माणूस बिचारा काळजीने सांगायचा, "सर, मूव्ही कधीच स्टार्ट झाली." सर म्हणायचे, "माहीत आहे. अर्धी व्हायची वाट बघतोय." मध्यंतराला मी बाहेर आले की पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी माझी परीक्षा सुरू. कोण कोणाचा? काय हरवलं? कोण रुसलं? मी आपली नीट मुद्देसूद सांगायची. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बाई, हा सारांश झाला. पूर्वार्ध सांगा." ते मला कधी जमलं नाही. तिकडे त्यांची बायको आपल्या बहिणींबरोबर प्रत्येक सिनेमा अथपासून इतिपर्यंत पाहायची. सर म्हणत, "सिनेमाच्या बाबतीत आमचे पंथ वेगळे आहेत. तिने कधी सक्ती केली नाही, मीही केली नाही."

हे असं का, ते एकदा त्यांनी मला सांगितलं. फार काही नाट्य न करता, चहात पाव बुडवता बुडवता सांगितलं. लहानपणी महिन्यातून एका सिनेमाची परवानगी होती आणि तिकीट एकच, दोघा भावांत. भाईजान थोरला, म्हणून पूर्वार्ध त्याचा. मध्यंतराला बाहेर जाणाऱ्याला फाटकावरचा माणूस परत यायला एक पास देई. तो पास घेऊन भाईजान बाहेर यायचा, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी उभं राहून घंटा होईपर्यंत धाकट्याला पूर्वार्ध सांगायचा, आणि मग पास याच्या हातात देऊन पाठीवर थाप मारून आत पाठवायचा. सिनेमा सुटला की घरी जाताना धाकटा थोरल्याला उत्तरार्ध सांगायचा. "दोघांचा मिळून एक सिनेमा पुरा व्हायचा," सर म्हणाले. "काही कमी पडलं नाही."

"पण पुढे नोकरी लागल्यावर? तेव्हा अख्खा बघता आला असता की."

"बसलो होतो एकदा पूर्वार्धाला, नाव येऊन गेल्यावर. रमेना हो जीव. भाईजानने सांगितला असता तसा तो नव्हता. उठून आलो."

"आणि जुने? लहानपणीचे?"

"ते काय बघायचे? ते माझे बघून झालेत. आणि पूर्वार्ध पक्का आहे बरं का. ऐकीव नाही. प्रत्यक्षदर्शीने सांगितलाय."

प्रत्यक्षदर्शी हा त्यांचा आवडता शब्द होता. वर्गातही ते छाती पुढे काढून तो शब्द वापरत आणि मी तो फळ्यावर फोडून दाखवत असे.

मग मार्टा आली. पोलंडची, एका कंपनीत हिशेब तपासायच्या कामाला, धायरीला एका उंच इमारतीत राहायची. अतिशय गुणी मुलगी. वहीला समास, समासाला रेघ, रेघेला रंग. तिचं मराठी मी घडवलं होतं, त्यामुळे ती भाजीवाल्यालासुद्धा "आपण मला कोथिंबीर द्याल का" असं विचारत असे, आणि भाजीवाला घाबरून जास्तीची देत असे. तिला सरांचा तास इतका आवडला, की आभार म्हणून काहीतरी करावं असं तिच्या मनात आलं. सरांचा सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे तो आगबोटीचा. तिने शोधून काढून तो घरी संगणकावर पाहिला. खाली इंग्रजी अक्षरं होती. आणि तिने तो, मार्टाच ती, सुरुवातीपासून पाहिला.

आगबोटीच्या सिनेमाचा सरांनी सांगितलेला पूर्वार्ध असा. नायकाची विधवा आई दिवसरात्र शिवणयंत्र चालवते आणि मुलाला वाढवते. मुलगा आगबोटीवर नोकरीला लागतो. निघायच्या दिवशी ती रडत रडत त्याचा सदरा शिवून पुरा करते, आणि मध्यंतराच्या जरा आधी मशीनवरच डोकं टेकवून प्राण सोडते. मग उत्तरार्धात नायक बोटीच्या कठड्याला टेकून एक गाणं म्हणतो. त्या गाण्यात आईचं नाव नाही, मशीनचं तर नाहीच नाही. पण सरांकडून पूर्वार्ध ऐकलेल्या माणसाला ते गाणं दुसऱ्या कोणासाठी असेल असं वाटणं शक्य नव्हतं. सर दर वेळी त्या गाण्याला खिडकीपाशी जाऊन उभे राहत आणि आमच्याकडे पाठ करत.

तर त्या शनिवारी मार्टाने हात वर केला. "सर, मला एक शंका आहे. मी आगबोटीचा सिनेमा सुरुवातीपासून पाहिला. त्यात आई नव्हती."

'नव्हती' हे रूप मी तिच्याकडून किती दिवस घोटून घेतलं होतं. व्याकरण निर्दोष होतं.

सर शांतपणे म्हणाले, "आई लवकर जाते."

"नाही सर. ती सुरुवातीपासूनच नाही. आजोबा आहेत. आजोबांचा छापखाना आहे. तो विकला जातो. ते गाणं छापखान्यासाठी आहे."

कोणीतरी हसलं. सरांनी तिकडे पाहिलंही नाही. "शिवणयंत्र?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"बाई रडते ती?"

"एक शेजारीण आहे. तिची शेळी हरवते."

मार्टाच्या चेहऱ्यावर तोवर आनंद होता, कारण तिला वाटत होतं की आपण सरांना एक भेट देतोय. तो हळूहळू उतरायला लागला. सरांनी टेबलावरचा स्पीकर बंद केला, त्याची वायर नीट गुंडाळली, आणि म्हणाले, "आजचा तास संपला."

सगळे गेल्यावर मी त्यांना समजवायला गेले. म्हटलं, एका सिनेमाचं काय एवढं, तुमचा भाऊ तेव्हा पोरगाच होता, विसरला असेल, दुसऱ्या कुठल्या सिनेमाशी गोंधळ झाला असेल. सर म्हणाले, "बाई, एक नाही. माझ्याकडचे सगळे पूर्वार्ध एकाच माणसाने दिलेले आहेत." थोड्या वेळाने म्हणाले, "एवढी वर्षं मी परक्या देशातून आलेल्या माणसांना खोटं शिकवत असेन, तर हा तास बंद केलेला बरा. तुम्ही फळ्यावर लिहून टाका. आणि भाईजान माझ्याशी खोटं बोलला असेल..." ते वाक्य त्यांनी तसंच सोडलं. मी त्यांना इतक्या वर्षांत वाक्य अर्धं सोडताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या शेळीचा रागही आला.

जिना उतरताना ते मागे वळले. "उद्या लोणीला जायचंय. तुम्ही चला. साक्षीदार पाहिजे, आणि घरचा नको."

लोणी काळभोरला भाईजानचं चष्म्याचं दुकान होतं, सोलापूर रस्त्याला लागून. आता ते मुलगा बघत होता. भाईजान मागच्या घरात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चष्मा साफ करायची खरी पद्धत सांगत. बसमध्ये सर एक शब्द बोलले नाहीत. फक्त हडपसरला कंडक्टर "पुढं सरका, पुढं सरका, जागा हाय" म्हणाला, तेव्हा त्याला म्हणाले, "असेल. आम्हाला दाखवत नाही ती."

दोघे भाऊ एरवी घरात आपल्या दखनी हिंदीत बोलत. भांडण असलं की मराठीत. मराठीत नेमकं बोलता येतं, असं सरांचं म्हणणं होतं. भाईजान दारातच, जाड भिंगांतून डोळे मोठे करून, "आव आव छोटे, बाई, या, जेवूनच जायचं" म्हणत पुढे आले. सरांनी चपला काढता काढता शुद्ध मराठीत विचारलं, "आगबोटीच्या सिनेमात आई होती का?" आणि भाईजान तिथेच सावध झाले.

"कुठल्या सिनेमात?"

"आगबोटीच्या. तू सांगितलास. आई, शिवणयंत्र."

"होती की. मशीन चालवत होती."

"छापखाना होता तो."

"छापखाना?" भाईजान खुर्चीत बसले आणि बराच वेळ विचार करत राहिले. "तरीच. खडखड जरा जास्तच वाटली होती."

"आणि रडत होती ती शेजारीण होती."

"का रडत होती?"

"शेळी हरवली म्हणून."

"शेळीसाठी एवढं?" भाईजानना ते पटलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच सांगा बाई. आपल्या सिनेमात बाई रडतेय आणि मशीन वाजतंय, तर ती आईच असणार ना? दुसरं कोण?"

मी नकळत मान डोलावली.

सर मात्र उभेच होते. त्यांचा आवाज चढला. "तू आत नव्हतासच. तिकीट घेऊन कुठे जायचास ते सांग. मी पन्नास माणसांसमोर प्रत्यक्षदर्शी प्रत्यक्षदर्शी करत बसतो, आणि तू आत नव्हतास."

"आतच होतो रे. पहिल्या बाकावर."

"मग?"

भाईजाननी चष्मा काढला. भिंगं गेल्यावर त्यांचे डोळे एकदम बारीक झाले आणि चेहरा सरांसारखा दिसायला लागला. "मला दिसत नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पडदा म्हणजे नुसतं उजळ धुकं. त्यात काळं-पांढरं काहीतरी हलायचं. बाई कोण आणि बुवा कोण ते आवाज आल्यावर कळायचं. आधी त्यांना वाटायचं, सिनेमा असाच असतो. मग धाकटा बाहेर येऊन सांगायला लागला, की नायिकेच्या कानात कसले डूल होते आणि खलनायकाच्या अंगठीत खडा होता, तेव्हा लक्षात आलं. तोवर बोलणं, खडखड, पाऊल, दार, आणि गाणी यांच्यावरून जुळवायची सवय होऊन गेली होती. गाणं लागलं की निम्मी गोष्ट कळते, असं ते म्हणाले. पुढे कामाला चष्म्याच्याच दुकानात लागले, आणि मालकाने समोरची पाटी वाचायला सांगितली तेव्हा पहिला चष्मा नाकावर आला.

"घरी का सांगितलं नाहीस?" सरांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर अब्बा म्हणाले असते, याला दिसत नाही तर याला कशाला पाठवायचं. तिकीट अख्खं तुला मिळालं असतं."

"मग मिळू द्यायचं होतंस! तुला काय दिसत होतं तिथे?"

"तिथे काही नाही. मध्यंतराला दिसायचं." भाईजान हातातला चष्मा उलटसुलट करत होते. "तू फाटकाशी उभा असायचास, तोंड वर करून. मी सांगायला लागलो की तू दाणे खायचं विसरायचास. आई मेली म्हटलं की तुझे ओठ असे व्हायचे. तेवढ्या अंतरावरचं मला स्वच्छ दिसायचं, छोटे. मी त्यासाठी जायचो."

मी चहाच्या कपात बघत राहिले. सर हळूच शेजारच्या खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "म्हणून सारख्या आया मारायचास?"

"नाही नाही, ते वेगळं. पुढे ती आहे की नाही मला काय माहीत? जिवंत ठेवली आणि तू आत जाऊन तिला शोधत बसलास तर? मध्यंतराच्या आधी मारलेली बरी."

माझा चहा सांडला. हसू आवरेना, आणि आता हसलं तर चालेल का तेही कळेना. पण सरांचेच खांदे हलत होते.

जेवण झाल्यावर भाईजानच्या सुनेने तो आगबोटीचा सिनेमा टीव्हीवर लावून दिला. सरांनीच सांगितलं होतं, बघून टाकू एकदा काय ते. नाव आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसून तो पूर्वार्ध बघत होते, आणि दोघांनीही तो पहिल्यांदाच पाहिला. चष्मा लागल्यावरही भाईजाननी तो कधी पाहिला नव्हता. उगाच कशाला, असं वाटायचं म्हणाले. आजोबा आले. छापखाना आला. शेळी आली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मध्यंतराची पाटी आली तशी सरांनी मांडीवर हात आपटला. "चुकलाय," ते म्हणाले.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"पूर्वार्ध. कच्चा आहे. यंत्रासाठी एवढं गाणं कोण म्हणतं? आई पाहिजे होती."

"मी ठेवली होती," भाईजान म्हणाले.

तास बंद झाल्याची सूचना मी फळ्यावर लिहिली नव्हती. तरी पुढच्या शनिवारी सर येतील की नाही याची खात्री नव्हती. मार्टा सगळ्यात आधी येऊन बसली होती. तिने माफी मागायचं वाक्य तीन काळांत तयार करून आणलं होतं आणि माझ्याकडून तपासून घेतलं होतं. तेवढ्यात जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. सर आत आले, आणि त्यांच्यामागून, कठड्याला धरत, भाईजान. सरांनी माझी खुर्ची मागून आणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मी उभी राहिले.

"मार्टाबाई," सर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. आई नव्हती. मी स्वतः पाहिलं." मार्टाने कागद उघडला, तो त्यांनी हातानेच मिटायला सांगितला. "छापखान्याचा पूर्वार्ध ज्यांना हवा असेल त्यांनी घरी बघावा, खाली इंग्रजी अक्षरं आहेत. इथे दुसरा सांगतात. तो माझ्या भावाचा आहे. त्यांना तेव्हा दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो ऐकून केला."

मग त्यांनी सुरुवात केली. पहिली काही वाक्यं जरा अडखळली, शब्द तपासून घेतल्यासारखी. विधवा आई आली, मशीन आलं, आणि त्याबरोबर त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला. मुलगा मोठा झाला. बोटीवरच्या नोकरीचं पत्र आलं. आईने सुईत दोरा ओवला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "छोटे, एक आत्यापण होती."

सर थांबले. मी पडद्यावरचा पूर्वार्ध पाहिला होता आणि सरांचा कितीतरी वेळा ऐकला होता. आत्या कशातच नव्हती. भाईजान चष्मा नाकावर सरकवून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं आता दोघा भावांचं भांडणाचं मराठी सुरू होणार.

"लिहून घ्या," सर वर्गाला म्हणाले. सगळ्यांनी माना खाली घालून लिहिलं, मार्टाने रंगीत पेनाने. सरांनी टेबलाला टेकून हनुवटी जराशी वर केली आणि भाईजानना विचारलं, "मग?"